रात्री आठ वाजता दार उघडल्यावर समोर काय दिसतं?

पत्र असं आलंय:

"ताई, मी 43 वर्षांची, डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहते. घरात मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. नोकरी परळला. साडेपाचला उठून डबे करते, पावणेआठची लोकल पकडते, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. गेल्या महिन्यात चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, वजन कमी करा, चाला, गोड आणि तळलेलं कमी करा. दर सोमवारी ठरवते आणि बुधवारपर्यंत सगळं ओमफस. घरी आले की पर्स खाली ठेवायच्या आधी हात चिवड्याच्या बरणीत जातो. व्यायामाची सायकल आणली, तिच्यावर आता कपडे वाळतात. माझ्यात विलपॉवरच नाहीये. घरात जागा नाही, हाताशी वेळ नाही आणि सासूबाईंना काही बोलता येत नाही. काय करू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. तू ताई म्हणालीस आणि वयानेही बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी ते विलपॉवरचं बोलू. जी बाई साडेपाचला उठून डबे करते, पावणेआठच्या गर्दीत चढते, दिवसभर ऑफिस करते आणि परत तसंच लोंबकळत घरी येते तिच्यात विलपॉवर नाही हे मला कोणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही. तुझी विलपॉवर रोज खर्च होतेच आहे, फक्त रात्री आठपर्यंत ती संपलेली असते, आणि नेमकं तेव्हा तुझं घर तुझ्यासमोर चिवडा धरतं. सोमवारी सकाळी ठरवणारी तू ताजी असतेस आणि आठ वाजता दार उघडणारी तू दमलेली, भुकेली, डोकं उठलेली असतेस. तुझे सगळे निश्चय त्या ताज्या बाईसाठी केलेले आहेत आणि निभवायचे मात्र दमलेल्या बाईने. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की निश्चय जरा बाजूला ठेव आणि रविवारी दोन तास काढून घर त्या रात्री आठच्या बाईसाठी लाव.

हे मी नुसतं मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये डॉ. अॅन थॉर्नडाइक आणि त्यांच्या टीमने एक प्रयोग केला होता, 2012 मध्ये छापून आला. आधी तीन महिने त्यांनी पदार्थांना सिग्नलसारखी लाल-पिवळी-हिरवी लेबलं लावली आणि त्याने फरक पडलाच. मग पुढचे तीन महिने त्यांनी वस्तूंच्या जागा बदलल्या, म्हणजे पाणी आणि बाकीच्या चांगल्या गोष्टी फ्रीजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर आणल्या, जेवणाच्या काउंटरजवळ पाण्याच्या बाटल्यांच्या टोपल्या ठेवल्या. तर या दुसऱ्या टप्प्यात लाल लेबलच्या पेयांची विक्री आणखी 11.4 टक्क्यांनी कमी झाली आणि पाण्याच्या बाटल्यांची 25.8 टक्क्यांनी वाढली. हे कुठे, तर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, जिथे खाणाऱ्यांमध्ये डॉक्टर आणि नर्सही असणार, ज्यांना साखरेचं सगळं तोंडपाठ असतं! जे हाताशी असतं ते उचललं जातं, शिकलेल्या माणसाकडूनही.

आणि मी हे आमच्याच घरात पाहिलंय. वडिलांना शुगर निघाली तेव्हा त्यांच्या आरामखुर्चीशेजारी एक तिपाई असायची, तिच्यावर पेपर, चष्मा आणि खारीचा डबा. आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडायचो, ते चिडायचे, आणि पेपर वाचता वाचता हात डब्यात जायचाच, त्यांना स्वतःला कळायचंही नाही. आई एक शब्द बोलली नाही. तिने तो डबा आतल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला आणि तिपाईवर रोज दुपारी एक वाटी उकडलेल्या शेंगा ठेवायला लागली. खारी घरात होतीच, हवी असेल तर उठून कपाटातून घ्यायची. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा उठले. नंतर शेंगा सोलत पेपर वाचायचे आणि खारीची आठवण चहाच्या वेळी कधीतरी. त्यांचा हात तिपाईवर जायचा होता, तिपाईवर काय आहे हे आईने ठरवलं. आज बावीस वर्षं लोकांना आहाराचा सल्ला देतेय पण ती तिपाई मी विसरलेले नाही.

आता तुझ्या घराकडे येऊ. रविवारी एक काम कर, बाहेर जाऊन दार उघडून आत ये, जशी रोज रात्री येतेस तशी, पर्स खांद्याला ठेवूनच, आणि ओट्यापर्यंत चालत जा. काय काय दिसतं ते मोबाइलवर टिपून घे. चिवड्याची काचेची बरणी, बिस्किटांचे पुडे, मुलाची नूडल्सची पाकिटं, कुणीतरी आणलेली आंबा बर्फी, असंच काहीतरी असणार. मग फ्रीज उघड. फळं कुठे आहेत? बहुतेक घरांत ती खालच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेली असतात, म्हणजे वाकायचं, गाठ सोडायची, धुवायचं, सुरी शोधायची, कापायचं. आणि चिवड्याला काय, झाकण फिरवलं की झालं. दमलेल्या माणसाने काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

तर अदलाबदल करायची. चिवडा काचेच्या बरणीतून काढून स्टीलच्या डब्यात, आतलं दिसणार नाही अशा, आणि तो डबा खालच्या ट्रॉलीत मागच्या बाजूला, पुढे डाळींचे डबे. वर माळ्यावर किंवा उंच फळीवर अजिबात टाकू नकोस कारण मग सासूबाई तो काढायला स्टुलावर चढतील आणि भलतंच काही होऊन बसेल. हे मी प्रत्येक वयस्कर माणूस असलेल्या घराला सांगते. आणि ओट्याच्या कोपऱ्यावर, जिथे आज बरणी आहे नेमक्या त्याच जागी, धुतलेल्या फळांची टोपली, केळी-पेरू-संत्री जे त्या दिवसांत स्वस्त असेल ते. तुला शुगरचं बघायचंय तर एका वेळी एक फळ, आणि ज्यूस करून नाही, चावून. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, डोळ्यांसमोर, ताकाचा जग आणि एका डब्यात मोड आलेले मूग किंवा कापलेली काकडी-गाजर. ते ड्रॉवर आहे ना खालचं, त्यात चॉकलेट आणि बर्फी जाऊ दे.

पण खरं सांगू का, तुझा प्रश्न आठ वाजता सुरूच होत नाहीये, तो पाच वाजता सुरू होतो. दुपारी एक-दीडला डबा खाल्लास आणि मग थेट आठ, मध्ये चहा आणि मारी बिस्किट, म्हणजे साडेसहा-सात तास पोटात काही नाही. अशा भुकेपुढे कुठलीही मांडणी टिकत नाही. म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक छोटा डबा ठेव, फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, आणि निघायच्या आधी मूठभर खाऊन, वर पाणी पिऊन मगच निघ. डबा छोटाच घे, मोठा भरून ठेवलास तर तीन वाजल्यापासून चघळणं सुरू होतं. एवढं केलंस तरी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवरून पुढे जाणं निम्मं सोपं होईल, बघ करून.

जेवणाचं. आपल्या ताटाची जुनी मांडणी आठव, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात-पोळी. मांडणी सुंदरच आहे पण डाव्या बाजूची कोशिंबीर चमचाभर आणि मधला भात डोंगरभर झाला तिथे गडबड झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं म्हटलंय, म्हणजे दिवसभराच्या ताटाचा जवळजवळ अर्धा भाग. तेव्हा कोशिंबीर चमच्याने न वाढता वाटीने वाढायची, आणि सगळ्यात आधी वाढायची. पहिली पाच मिनिटं समोर फक्त कोशिंबीर आणि भाजी, मग पोळी. भाताचं पातेलं जेवायच्या जागी आणायचंच नाही, ओट्यावर ठेवायचं, हवा त्याने उठून घ्यायचा. कोशिंबिरीचं भांडं मात्र मध्ये ठेवायचं, की बोलता बोलता हात तिकडे जाईल.

लहान ताट घेतलं की आपोआप कमी खाल्लं जातं असंही तू कुठेतरी वाचलं असशील. त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. त्या विषयावर सगळ्यात गाजलेलं काम कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॅनसिंक यांचं होतं आणि पुढे त्यांच्या संशोधनात इतक्या गडबडी निघाल्या की 2018 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहाने त्यांचे सहा पेपर एकदम मागे घेतले. ताट हवं तर बदल, नुकसान काही नाही, पण ताटात काय आणि किती हेच बघ.

तेलाचं एक सोपं गणित देते, हे मला फार आवडतं कारण यात रोज विचार करावा लागत नाही. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. चार माणसं, सात दिवस, म्हणजे आठवड्याला साधारण 750 ग्रॅम, मापाने 800 मिलीच्या आसपास. तुमच्याकडे पाच लिटरचा कॅन ओट्याखाली असेल आणि त्यातून भांडं भरलं की धार सुटते, किती गेलं ते कोणालाच कळत नाही. तर दर रविवारी 800 मिलीची एक बाटली भरून ओट्यावर ठेवायची आणि कॅन आत. आठवड्याचं तळण, फोडणी, पोळीला लावायचं, सगळं त्यातूनच, तूप वेगळं वापरत असशील तर बाटलीत तेवढं कमी भर. शुक्रवारी बाटली तळाला गेली की कळतं या आठवड्यात भजी झाली होती. बास, कोणाला काही बोलायला लागत नाही. मिठाची बरणीसुद्धा जेवायच्या जागेवरून उचल, दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलंही आलं.

किराण्याबद्दल एवढंच सांगते की जे घरात येतं ते खाल्लं जातं, आज नाही तर उद्या. दोनवर एक फ्री असलेला फरसाणचा मोठा पुडा स्वस्त पडत नाही, तो तीन दिवसांत संपतो. छोटं पाकीट आण, जास्त पैसे पडले तरी चालेल. आणि मोबाइलवरची ती दहा मिनिटांत सामान आणून देणारी अॅप्स पहिल्या स्क्रीनवरून काढून टाक, कार्ड सेव्ह केलेलं असेल तर तेही काढ. रात्री साडेदहाला आइस्क्रीम मागवताना सोळा आकडे टाकायला लागले की निम्म्या वेळा माणूस मोबाइल खाली ठेवतो, हे मला माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींनी सांगितलंय.

आता सासूबाई. तू लिहिलंयस त्यांना काही बोलता येत नाही, आणि मला वाटतं बोलूच नकोस. सून दमून येते म्हणून त्या ती बरणी पुढे करत असणार, तो त्यांचा जीव आहे, त्याला नको म्हटलं की त्यांना वाटतं आपणच नकोशा झालो. त्यांना काम दे. "आई, डॉक्टरांनी मला मोड आलेली कडधान्यं सांगितलीयत, मला काही जमत नाही, तुमचे मूग छान होतात, कराल का?" असं विचार. ताक, मूग, कोशिंबीर ही तीन खाती त्यांच्याकडे सोपव, दार उघडल्यावर त्यांनी बरणीऐवजी ताकाचा पेला पुढे केला तर तुझं अर्धं काम त्यांनी केलं. चकली, लाडू दिवाळीला होऊ देत, भरपूर होऊ देत, खा पण, फक्त घरभर उघडे राहू नयेत, त्यांच्या कपाटात त्यांच्या ताब्यात असू देत. आपल्या हातात किल्ली आहे म्हटल्यावर सासूबाई मोजून देतात, हा माझा अनुभव आहे.

व्यायामाचं म्हणशील तर ती सायकल विकून टाक. मनापासून सांगतेय. वन बीएचकेमध्ये ती जागा खाते आणि तिच्याकडे बघून रोज तुला अपराधी वाटतं, त्या वाटण्याचा काही फायदा नाहीये. तुझ्या दिवसात चालणं आधीच दडलेलं आहे, ते बाहेर काढू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, भराभर चालणं त्यात बसतं. घर ते स्टेशन तू शेअर रिक्षाने जातेस असं धरते, रात्री त्या रिक्षाच्या लाइनीत उभं राहण्यातच किती वेळ जातो! चालत वीस मिनिटं लागत असतील तर जाता-येता चाळीस, पाच दिवसांचे 200 मिनिटं, वेगळा वेळ न काढता. येताना जमलंच नाही आणि फक्त सकाळी गेलीस तरी शंभर होतात, तेही चांगलेच आहेत. गर्दीचा रस्ता टाळून आतल्या गल्लीतून जा, वडापाव-भज्यांच्या गाड्या कमी लागतील असा रस्ता एकदा रविवारी चालून पक्का करून ठेव.

पण यात एकच गोष्ट आड येते आणि ती म्हणजे पायातलं. ऑफिसच्या सँडल घालून कोणी भराभर चालत नाही. म्हणून स्पोर्ट्स शूज दारातल्या स्टँडवर सगळ्यात वरच्या खणात, मोजे बुटातच खोचलेले, आणि ऑफिसच्या सँडल ऑफिसमध्येच टेबलाखाली कायमच्या. घरच्या स्टँडवर सँडल नसतीलच तर सकाळी प्रश्न पडत नाही. पावसाळ्यात बूट भिजतात, तेव्हा चालणं बंद पडणारच, ते आधीच धरून चाल. तेव्हा रात्री जेवणानंतर मुलाला घेऊन सोसायटीच्या आवारात नाहीतर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये दहा-पंधरा मिनिटं फिर, जेवणानंतर रक्तातली साखर जी चढते ती चालण्याने कमी चढते, आणि दहावीतलं पोर चालताना जे बोलतं ते समोर बसवून विचारलं तर कधीच बोलत नाही.

स्नायूंसाठीही आठवड्यातून दोन दिवस काहीतरी हवं. कुकर लावलास की ओट्याला दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसल्यासारखं खाली जा आणि वर ये, शिट्ट्या होईपर्यंत, थांबत थांबत. गुडघे दुखत असतील तर मागे खरीच खुर्ची ठेव आणि तिच्यावर बसून ऊठ. जागा लागत नाही, कपडे बदलायला लागत नाहीत. सूर्यनमस्कार येत असतील तर चटई कपाटात गुंडाळून न ठेवता टीव्हीच्या बाजूला उभी ठेव, दिसली पाहिजे. आणि मोबाइलचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढ, अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोडाची भूक वाढते आणि साडेपाचला उठणाऱ्या बाईने बारा वाजेपर्यंत रील्स बघणं परवडत नाही.

नवऱ्याला एकच विनंती कर, शनिवारी समोसे आणायचे तर माणशी एक असे मोजून आणायचे, जास्तीचा एकही नाही. बाकी त्याला काही सुधारायला जाऊ नकोस, घर बदललं की तोही त्यातच राहतो.

हे सगळं केल्याने जादू होईल असं मी म्हणणार नाही. पण आशा ठेवायला जागा आहे. तुझ्यासारखे प्रीडायबेटिसवाले देशात 13.6 कोटी आहेत असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 च्या अहवालात आलंय, आणि यातले सगळेच काही पुढे डायबेटिसला जात नाहीत. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने आपल्याच लोकांवर केलेला अभ्यास आहे, 2006 मध्ये आला, त्यात खाण्यातल्या बदलांनी आणि चालण्याने डायबेटिस होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि गोळीने झालेला फायदा जवळपास तेवढाच होता. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आणि नसेल दिली तर हेच तुझं औषध समज.

सगळं एका रविवारी करू नकोस. या रविवारी फक्त तीन गोष्टी, चिवड्याची बरणी, ऑफिसचा फुटाण्याचा डबा आणि दारातले बूट. तेलाची बाटली पुढच्या रविवारी, बाकीचं सवडीने. मध्ये एखादा आठवडा घसरला तर स्वतःला शिव्या न देता ओट्यावर जाऊन बघ, काय परत बाहेर आलंय, ते आत ठेव. आणि एचबीएवनसी तीन महिन्यांनीच परत कर, ती तपासणी रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे आधी करून खरा फरक दिसत नाही, उगाच हिरमोड होईल. वजनही आठवड्यातून एकदाच, सकाळी.

रिपोर्ट आला की आकडा काहीही असो, मला लिही. आणि सासूबाईंच्या मुगाच्या उसळीची कृती पण पाठव त्यांना विचारून.